न्याय्य मोल व दूरचा शेजारी

बाजारांत घासाघीस करणाऱ्या मनुष्याचें एक लहानसें चित्र नीतिसूत्रांत (२०:१४) काढलेलें आहे. माल घेतांना तो नाक मुरडून म्हणतो कीं, हा अगदीं टाकाऊ आहे. आणि तोच माल पदरांत पडल्यावर, आपण किती स्वस्तांत मिळविला, अशी वाटेनें फुशारकी मारीत जातो. हें चित्र आपणांपैकीं कोणास ओळखीचें नाहीं? कापसाच्या दिवसांत खेडा खरेदीस आलेला व्यापारी मूठभर कापूस हातांत घेऊन दाबून पाहतो, ओलावा फार आहे म्हणतो, कवडी फार आहे म्हणतो, आणि क्विंटलामागें कट्टी धरितो. ज्याच्या घरीं दुकानदाराचें देणें थकलें आहे तो शेतकरी, 'बरें, मांडा काट्यावर,' असें म्हणून मोकळा होतो. सौदा झाला. दोघांनींही हो म्हटलें. कोणीं कोणावर हात उगारिला नाहीं, कोणीं कोणाचें घर फोडिलें नाहीं. मग ह्यांत पाप कोठें आहे?

हाच प्रश्न आज वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. घेणारा व देणारा ह्या उभयतांनीं कबूल केलेला भाव तेवढ्यावरूनच देवाच्या दृष्टीनें न्याय्य ठरतो काय? हा प्रश्न केवळ आपल्या गांवच्या बाजाराचा नाहीं. आपण पिकविलेल्या कापसाचा भाव, आपण अंगावर घालतों त्या वस्त्राचा भाव, आणि ज्यांचें तोंड आपण कधीं पाहणार नाहीं अशा परदेशच्या शेतकऱ्यांच्या घामाचा भाव, हे सर्व आज एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून देशोदेशींचा व्यापार हा पंडितांचा व मंत्र्यांचा विषय आहे असें समजून आपण तो सोडून देऊं नये.

पवित्र शास्त्र व्यापारास निंद्य मानीत नाहीं. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायांत जिची स्तुति केली आहे ती सद्गुणी स्त्री तागाचीं वस्त्रें करून विकते आणि व्यापाऱ्यांस कमरबंद पुरविते. फिलिप्पै येथें ज्या लुदियेच्या घरीं पौलास आश्रय मिळाला, ती जांभळीं वस्त्रें विकणारी बाई होती. एका देशीं जें पिकतें तें दुसऱ्या देशीं पिकत नाहीं. म्हणून देवघेव व्हावी व तिच्यांत दोघांचेंही कल्याण व्हावें, ही सृष्टिकर्त्याचीच योजना आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु जेथें देवघेव आली तेथें वजनमाप आलें, आणि वजनमापाविषयीं परमेश्वराचे नियम फार कडक आहेत. थैलींत लहान व मोठीं अशीं दोन प्रकारचीं वजनें ठेवूं नयेत, अशी मोशेच्या द्वारें ताकीद आहे (अनुवाद २५:१३-१५). शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करण्याची आज्ञा लेवीयाच्या १९ व्या अध्यायांत आहे, आणि खऱ्या तराजूची आज्ञाही त्याच अध्यायाच्या शेवटीं आहे. तिला लागूनच परमेश्वर आपल्या लोकांस मिसरांतून झालेल्या सुटकेची आठवण देतो. ज्यांच्या पाठीवर मुकादमाचे फटके बसले होते, त्यांच्याच हातीं आतां काटा जावयाचा होता. म्हणून ती आठवण.

आतां उभयतांच्या कबुलीविषयीं पाहूं. भुकेल्या मनुष्याशीं केलेला एक प्रसिद्ध सौदा शास्त्रांत आहे. एसाव रानांतून थकून आला. याकोबाच्या भांड्यांत डाळ शिजत होती. आणि एका जेवणासाठीं एसावानें आपला ज्येष्ठपणाचा हक्क देऊन टाकिला (उत्पत्ति २५). कबुलीच्या दृष्टीनें ह्या सौद्यांत कांहींच उणें नव्हतें. याकोबानें तर भावाकडून शपथही वाहविली. एसावानें आपला हक्क तुच्छ मानिला हा दोष शास्त्र त्याच्या पदरीं घालितें, हें खरें; तथापि भावाच्या भुकेची वेळ साधणाऱ्या याकोबाची वाहवा तें कोठेंही करीत नाहीं. हक्क व आशीर्वाद ही दोन्ही पदरांत पाडून घेतलेला तोच याकोब वीस वर्षांनीं परत येतो, तेव्हां कळपांमागून कळप भेट म्हणून पुढें पाठवितो, आणि भावासमोर सात वेळां भूमीपर्यंत लवतो. शपथेवर झालेला सौदा त्याच्या हातीं होता. मनाची शांति मात्र नव्हती.

मोशेच्या नियमशास्त्रांतही हीच दृष्टि आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी, कारण तो गरीब आहे व त्याचें सारें लक्ष तिच्याकडे लागलेलें असतें. जातें गहाण घेऊं नये, कारण तें घेणें म्हणजे कुटुंबाचें जीवनच गहाण घेणें होय (अनुवाद २४). मजुरानें उद्यांपर्यंत थांबण्याचें कबूल केलें होतें किंवा नाहीं, ऋणकोनें जातें आपण होऊन आणून दिलें किंवा नाहीं, हें येथें विचारलेलेंच नाहीं. त्याची गरज किती आहे, एवढेंच पाहिलें आहे. ज्याला 'नाहीं' म्हणतां येत नाहीं, त्याच्या 'हो' चा आधार घेऊन देवापुढें उभें राहतां येणार नाहीं. एकाला थांबतां येतें व दुसऱ्याला थांबतां येत नाहीं, अशा दोघांतला सौदा हा बरोबरीचा सौदा नव्हे; आणि ज्याला थांबतां येतें त्याच्यावर देवानें अधिक जबाबदारी टाकिली आहे.

हें तत्त्व आतां वेशीबाहेर नेऊन पाहूं, आणि त्यासाठीं कापसाचेंच उदाहरण घेऊं. कारण ह्याच पिकानें महाराष्ट्राचें शेत जगाच्या बाजाराशीं बांधिलें आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण ह्यांच्यामध्यें यादवी युद्ध पेटलें. तोंपर्यंत इंग्लंडांतील लॅंकेशायर परगण्याच्या गिरण्या मुख्यत्वें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कापसावर चालत असत, आणि तो कापूस गुलामांच्या श्रमानें पिकत असे. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडवितांच तो पुरवठा तुटला. मुंबईस कापसाचा भाव भराभर चढला. खानदेश व वऱ्हाड येथील कापसास कधीं नव्हती अशी मागणी आली. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, व त्या भरांत सट्ट्याच्या कंपन्या निघाल्या. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि त्या कंपन्या व पेढ्या धडाधड बुडाल्या. खानदेशांतल्या शेतांत कांहींही बदललें नव्हतें. समुद्रापलीकडे तोफा थांबल्या होत्या, एवढेंच.

त्याच काळांत लॅंकेशायरच्या गिरण्या बंद पडून लाखों माणसें उपासमारींत सांपडलीं. गुलामांनीं पिकविलेला कापूस पुन्हां येऊं लागता तर त्यांच्या चुली पेटत्या. तेथील सर्व मजूर एका मताचे होते असें नाहीं. परंतु ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मॅंचेस्टर येथें भरलेल्या कामकऱ्यांच्या सभेनें अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन ह्यांस पत्र पाठवून गुलामगिरीविरुद्ध त्यांनीं चालविलेल्या प्रयत्नास पाठिंबा दिला. लिंकन ह्यांनीं जानेवारी १८६३ मध्यें त्यास उत्तर पाठविलें, व त्या मजुरांच्या वर्तनास थोर ख्रिस्ती शौर्य म्हणून गौरविलें. तें पत्र पाठविणारे लोक धनवान नव्हते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आपल्या हातांतील स्वस्त धाग्याची खरी किंमत कोणाच्या पाठीवरून वसूल होते हें त्यांनीं ओळखिलें, आणि तें ओळखण्याचें मोल स्वतःच्या ताटांतून दिलें.

ती गुलामगिरी गेली. पण काटा सरळ झाला काय? पश्चिम आफ्रिकेंत बेनिन, बुर्किना फासो व माली, आणि त्यांच्या पूर्वेस चाड, असे चार गरीब देश आहेत. तेथें पुष्कळ कुटुंबें आपल्याप्रमाणेंच लहान शेतांत, पावसाच्या भरंवशावर कापूस पिकवितात व तो हातानें वेचितात. २००१ सालीं जगाच्या बाजारांत रुईचा भाव पौंडास ४० सेंटांच्याही खालीं गेला. भाव पडला म्हणजे पेरा कमी व्हावा, हा बाजाराचा साधा नियम. परंतु अमेरिकेंतील कापूस पिकविणाऱ्यांस त्यांचें सरकार ठराविक भावाची हमी देत होतें, व पडलेल्या भावाची तूट खजिन्यांतून भरून काढीत होतें. त्यामुळें तेथें पिकविणाऱ्यास हात आखडण्याचें कारण राहिलें नाहीं; वाढीव कापूस परदेशच्या बाजारांत आला, व आधींच पडलेला भाव आणखी दबला. तेथें कापूस पिकविणारे सारे मिळून सुमारें २५ हजार होते, आणि १९९९ पासूनच्या चार हंगामांत त्यांच्यासाठीं १२ अब्ज डॉलरांहून अधिक सरकारी मदत खर्ची पडली, असा ब्राझील देशाचा दावा होता. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटि.) तसा खजिना मालीच्या किंवा चाडच्या सरकारापाशीं नव्हता.

जून २००३ मध्यें बुर्किना फासोचे अध्यक्ष जिनीव्हा येथें जागतिक व्यापार संघटनेपुढें स्वतः उभे राहिले. आम्ही दान मागावयास आलों नाहीं. जे नियम तुम्हीं सर्वांसाठीं केले आहेत तेच पाळा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ब्राझीलनें ह्यापूर्वींच, २००२ सालीं, अमेरिकेविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली होती. २००४ सालीं निकाल ब्राझीलच्या बाजूनें लागला, २००५ सालीं अपिलांतही तो कायम राहिला, आणि पुष्कळ वाटाघाटींनंतर २०१४ सालीं अमेरिकेनें ब्राझीलला ३० कोटि डॉलर देऊन तंटा मिटविला. ब्राझीलपाशीं निष्णात वकील होते, आणि न ऐकल्यास उलट जकात बसवितां येईल एवढा व्यापार होता. त्या चार देशांस मात्र २००५ सालीं हॉंगकॉंग येथें आश्वासन मिळालें. २०१५ सालीं नैरोबी येथें कापसाच्या निर्यातीवर दिली जाणारी मदत बंद करण्याचा ठराव झाला. पण देशांतल्या देशांत दिल्या जाणाऱ्या मोठ्या मदतीस आळा घालण्याविषयीं एकमत झालें नाहीं. लूकाच्या १८ व्या अध्यायांतील विधवा न्यायाधीशाच्या दारीं पुनःपुन्हां जात राहिली, तिची आठवण येथें होते.

वाचकहो, येथें खोटें वजन कोणाच्या थैलींत होतें? अमेरिकन शेतकऱ्याच्या, असें पटकन म्हणूं नये. तोही कर्ज काढून पेरितो व आभाळाकडे पाहतो. सरकारनें शेतकऱ्यास आधार देणें हें पाप नव्हे; आपलें सरकारही हमीभाव जाहीर करितें, आणि तो मिळावा म्हणून आपण मागणी करितों. दोष तो आधार एका शेतकऱ्यास देतांना त्याचा भार दुसऱ्या, अधिक गरीब शेतकऱ्यावर पडतो ह्यांत आहे; आणि हें कळल्यावरही जे नियम बदलूं शकत होते त्यांनीं ते वर्षानुवर्षें बदलिले नाहींत, ह्यांत आहे. कायदा करणारा म्हणतो, मतदारांनीं मागितलें. गिरणीवाला म्हणतो, बाजारानें भाव ठरविला. वस्त्र घेणारा म्हणतो, मला कांहीं ठाऊक नव्हतें. पाप अशा रीतीनें अनेक हातांत वांटलें गेलें म्हणजे प्रत्येकाच्या हातीं इतकें थोडें येतें कीं, त्याचें वजन कोणासच लागत नाहीं. परंतु ज्यानें तें सोसलें त्याच्या पाठीवर तें सबंध असतें.

कोणी म्हणेल, व्यापार असा असेल तर तो तोडूनच टाकावा. तें बरोबर नव्हे. जागतिक बॅंकेच्या मोजणीप्रमाणें १९९० सालीं जगांतील दर तीन माणसांत एकाहून अधिक माणूस अत्यंत दारिद्र्यांत होता. आज तें प्रमाण दहांत एकाच्या आसपास आलें आहे. ह्या सुधारणेंत व्यापाराचा मोठा वांटा आहे, व तो मान्य केलाच पाहिजे. कापसाच्या वाटेच्या दुसऱ्या टोंकास, म्हणजे शिवणकामाच्या कारखान्यांत, ही गोष्ट स्पष्ट दिसते. बांगला देशांत लाखों गरीब बायकांस ह्याच कामानें स्वतःच्या कमाईचा पैसा प्रथम हातीं दिला. परंतु तेथेंच ढाक्याजवळ सावार येथें २४ एप्रिल २०१३ रोजीं राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत कोसळली, आणि ११०० हून अधिक माणसें मेलीं. आदल्या दिवशीं इमारतीस भेगा दिसल्या होत्या. तरी शिवणकाम करणाऱ्यांस दुसऱ्या दिवशीं कामावर बोलाविण्यांत आलें. तेथें तयार होणारे कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत स्वस्त विकले जात. प्रकटीकरणाच्या १८ व्या अध्यायांत बाबेलच्या व्यापाऱ्यांच्या मालाची लांब यादी आहे. ती सोन्यापासून सुरू होते, आणि तिच्या शेवटीं माणसें व त्यांचे जीव आहेत. ही यादी किती जुनी, आणि किती नवी!

त्या वेळीं परदेशच्या कंपन्या तेथून निघून गेल्या असत्या तर जिवंत राहिलेल्या बायकांची भाकरही गेली असती. तसें न करितां मे २०१३ मध्यें अनेक कंपन्यांनीं कामगार संघांशीं बंधनकारक करार केला, व त्याप्रमाणें शेंकडों कारखान्यांची तपासणी व दुरुस्ती झाली. सर्व दुःख त्यानें दूर झालें नाहीं. तथापि ह्यावरून एवढें शिकावें कीं, अन्यायी व्यापारावर उपाय म्हणजे गरिबाशीं व्यवहार सोडणें हा नसून, त्याच्याशीं नीट व्यवहार करणें हा आहे.

दुसरा कोणी म्हणेल, व्यापार व्यापाराच्या रीतीनें चालूं द्यावा, आणि त्यांतून मिळालेल्या पैशांतून गरिबांस उदारपणें दान करावें. ह्यास जक्कयाचें उत्तर पुरे आहे (लूक १९). प्रभु त्याच्या घरीं आला तेव्हां त्यानें दोन निरनिराळ्या गोष्टी कबूल केल्या. आपलें अर्धें द्रव्य गरिबांस देण्याचें त्यानें म्हटलें, आणि ज्याचें अन्यायानें घेतलें असेल त्याचें चौपट परत करण्याचेंही म्हटलें. पहिलें दान होतें, दुसरें ऋण होतें. ज्याचें आपण देणें लागतों त्याला तेंच दान म्हणून देणें, आणि वर त्याच्याकडून आभाराची अपेक्षा करणें, ह्यानें गरिबाचा दोन वेळां अपमान होतो.

हा भेद ओळखून कांहीं ख्रिस्ती लोकांनीं लहान प्रमाणांत प्रयत्न आरंभिले, ते सांगण्यासारखे आहेत. एडना रूथ बायलर ही अमेरिकेच्या मेनोनाइट मंडळींतील बाई १९४६ सालीं पोर्टो रिको बेटास गेली असतां तिनें तेथील गरीब बायकांचें सुंदर भरतकाम पाहिलें. तिनें त्यांस पैसे वांटले नाहींत. त्यांचें काम योग्य किंमतीस विकत घेतलें, आणि तें आपल्या मोटारगाडींत घालून ओळखीच्या घरोघरीं विकलें. त्यांतून पुढें दुकानांची एक मोठी संस्था वाढली. १९८८ सालीं हॉलंडमध्यें न्याय्य व्यापाराची पहिली खूण निघाली. मेक्सिको देशांतील ओआहाका प्रांताचे कॉफी पिकविणारे शेतकरी व त्यांच्यांत राहणारा एक डच धर्मगुरु ह्यांच्या आग्रहानें तिचा उगम झाला. आम्हांस भिक्षा नको, कॉफीचा वाजवी भाव पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. ह्या रीतीची मांडणी सोपी आहे. बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या किमान भावाखालीं कॉफी घ्यावयाची नाहीं. बाजार चढला तर चढलेला भाव द्यावयाचा. आणि त्यावर थोडी अधिक रक्कम शेतकऱ्यांच्या सहकारी संघास द्यावयाची, तिचा विनियोग त्यांनींच सभा भरवून ठरवावयाचा. ज्याला 'नाहीं' म्हणतां येत नव्हतें त्याच्या पायांखालीं थोडी जमीन देण्याचाच हा प्रयत्न आहे.

ह्या प्रयत्नांच्या मर्यादाही प्रामाणिकपणें सांगितल्या पाहिजेत. अशा संघांस आपला सर्व माल त्या भावानें विकतां येतोच असें नाहीं; पुष्कळसा माल साध्या बाजारांत जातो. आणि २०१४ सालीं लंडनच्या एका विद्यापीठांतील संशोधकांनीं एथिओपिया व युगांडा येथील पाहणी प्रसिद्ध केली, तींत एक बोंचणारी गोष्ट आढळली. न्याय्य व्यापाराची खूण असलेल्या भागांतही शेतकऱ्यांकडे रोजानें राबणाऱ्या मजुरांची स्थिति इतर ठिकाणच्या मजुरांहून चांगली नव्हती. जगाच्या काट्यावर ज्याची बाजू हलकी होती, त्या शेतकऱ्याच्या हातींही एक लहान काटा होता, आणि तिकडे पाहण्याचें बहुतेकांस सुचलें नव्हतें.

बंधुभगिनींनो, येथें हा लेख आपल्या बांधावर येऊन उभा राहतो. आपल्या कापसाच्या शेतांत वेचणीस येणारी बाई किलोमागें मजुरी घेते. संध्याकाळीं तिचें गांठोडें कोण मोजतो, व कोणत्या काट्यावर? वरचे चार-दोनशें ग्रॅम हिशेबांतून गळतात काय? व्यापाऱ्याचे पैसे अजून आले नाहींत म्हणून तिला पुढच्या बाजारापर्यंत थांबविलें जातें काय? तिच्या घरीं चूल पेटावयाची असते, म्हणून तीही, 'बरें,' असेंच म्हणते. हें 'बरें' आपण व्यापाऱ्यापुढें म्हणतों त्याहून निराळें नाहीं. मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतील चाकर धन्याकडून हजारों हजारांच्या ऋणाची सूट घेऊन बाहेर पडला, आणि शंभर पावल्यांसाठीं सोबतीच्या नरड्यास त्यानें हात घातला. जिनीव्हांत न्याय मागणाऱ्यानें वावरांत अन्याय करूं नये. मजुरी अडकविणाऱ्यांविषयीं याकोब जें लिहितो (५:४) त्यांत एक गोष्ट विशेष आहे: अडकविलेली मजुरीच ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांची ओरड परमेश्वराच्या कानीं पोंचते.

न्यायाचा मार्ग दर वेळीं सोपा व स्पष्ट दिसेल असेंही नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें भारत सरकारनें परदेशच्या कापसावरील ११ टक्के आयात जकात कांहीं आठवड्यांसाठीं उठविली, व ती सवलत पुढें डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली. कापड उद्योगानें तिचें स्वागत केलें, कारण महाग कापसामुळें परदेशची मागणी जाऊन कामगारांवर बेकारी येण्याचें भय होतें. शेतकरी म्हणाले, ऐन हंगामाच्या तोंडीं आमचा भाव पडेल. एका बाजूस शिवणकामावर जगणारी बाई, दुसऱ्या बाजूस वेचणीवर जगणारी बाई. अशा वेळीं कोणतेंही एक शास्त्रवचन काढून दाखविल्यानें जकातीचा दर ठरत नाहीं. परंतु ठरविणाऱ्यांनीं त्या दोघींनाही डोळ्यांपुढें ठेविलें आहे काय, आणि एकीचा तोटा दुसऱ्या कोणत्या मार्गानें भरून देतां येईल ह्याचा विचार केला आहे काय, हें विचारण्याचा अधिकार शास्त्र आपणांस देतें. नव्हे, तें आपलें कर्तव्य ठरवितें.

मग आपण खेड्यांतल्या मंडळ्यांनीं करावें तरी काय? पहिली गोष्ट घरची. ज्याच्या शेतांत मजूर येतात त्यानें त्यांच्या डोळ्यांदेखत मोजावें, आणि त्याच दिवशीं पैसे द्यावे. दुसरी गोष्ट मंडळीची. एकटा शेतकरी थांबूं शकत नाहीं, पण दहाजण मिळून कांहीं दिवस थांबूं शकतात. म्हणून बाजार समितीचा भाव रोज समजून घेणें, माल एकत्र करून नेणें, आणि अडलेल्या बंधूस दोन आठवड्यांपुरती उचल देतां येईल असा लहानसा निधि ठेवणें, ह्या गोष्टी मंडळीच्या बाहेरच्या आहेत असें पाळकांनीं व वडिलांनीं समजूं नये. पहिल्या मंडळींतही रोजच्या वांटणींत विधवांची उपेक्षा झाली तेव्हां प्रेषितांनीं त्यासाठीं सात माणसें निवडविलीं (प्रे. कृ. ६). तिसरी गोष्ट खरेदीची. एखादी वस्तु फार स्वस्त मिळाली तर आनंद करण्यापूर्वीं, ती स्वस्त कशी झाली, हें एकदां विचारावें. उत्तर दर वेळीं मिळणार नाहीं, आणि गरिबानें महाग वस्तु घ्यावी असें कोणी म्हणत नाहीं. पण विचारण्याची संवय लागली म्हणजे नीतिसूत्रांतल्या त्या मनुष्याची फुशारकी तरी आपल्या तोंडून निघणार नाहीं. चौथी गोष्ट प्रार्थनेची. आपण रविवारीं आपल्या पिकासाठीं प्रार्थना करितों. तींत माली देशच्या शेतकऱ्याचें व सावारच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचें नांव घ्यावें. ज्याच्यासाठीं आपण प्रार्थना करितों त्याला दूरचा म्हणून टाकणें कठीण जातें.

आमोस संदेष्ट्याच्या काळचे व्यापारी (आमोस ८) शब्बाथ मोडीत नव्हते, हें पुष्कळदां आपल्या लक्षांत येत नाहीं. ते दुकान बंद ठेवीत, पण शब्बाथ केव्हां संपतो आणि लहान माप व मोठें वजन घेऊन केव्हां बसतों, हाच हिशेब त्यांच्या मनांत चाले. येत्या रविवारीं आपण उपासनेस बसूं तेव्हां आपल्याही मनांत हिशेब येतील. ते येऊं द्यावे. मात्र त्यांत आपलें येणें मोजतांना आपलें देणेंही मोजावें. ज्या बाईचे परवांच्या वेचणीचे पैसे राहिले असतील तिचें नांव आठवलें, तर उपासना आटोपून घरीं जातांना वाटेंत तिच्या दारावरून जावें. न्यायी देव आपणां सर्वांचीं वजनें खरीं करो.